पुलीवरची रेघ

संगप्पा मिस्त्री उदगीरला गुरांच्या बाजाराच्या तोंडाशी स्टो आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत बसायचा. एके काळी या माणसाला न्यायला ट्रॅक्टरवाले जीप पाठवायचे. तो आता बायकांच्या स्टोच्या पिना साफ करतो, याचं पहिल्या वर्षी लोकांना नवल वाटलं. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही. माणूस खाली आला की लोकांची नजरही खाली बघायला शिकते, त्यात वेळ कसला लागतो?

शहाऐंशीचा चैत्र निम्मा सरला होता. पाऊस दोन वर्षं पाठ फिरवून बसलेला. अशा एका सकाळी दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, उंच, उन्हानं काळवंडलेली. तिच्या हातात स्टो नव्हता. संगप्पानं मान वर केली आणि हातातली पीन खाली ठेवली.

"वळखलं का?" बाई म्हणाली.

"वळखलं, वैनी."

हा शब्द त्यानं तेरा वर्षांत तोंडातून काढला नव्हता. दापकवाडीच्या मलप्पाची बायको ती, गुरम्मा. मलप्पा व्यंकटराव पाटलांचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि बहात्तरच्या दुष्काळात, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, त्याच ट्रॅक्टरच्या चालू करायच्या हँडलनं त्याचा जीव घेतला होता. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेट दुरुस्त करून बसवला होता संगप्पानं. मलप्पानं हँडल अडकवून विचारलं होतं, "मिस्त्री, लावू का?" आणि संगप्पा म्हणाला होता, "लाव." एवढंच बोलणं. हँडल उलटं फिरलं, मनगट मोडून वर आलं आणि छातीत बसलं. उदगीरच्या वाटेवर बैलगाडीतच मलप्पा गेला.

त्या दिवसापासून संगप्पानं मॅग्नेटला हात लावला नव्हता.

"ट्रॅक्टर चालू करायचा हाय," गुरम्मा म्हणाली. "विजेची डीपी जळून दोन म्हैने झाले. हिरीत पानी हाय, पन साठ हात खाली. बाया दोर वढून वढून बेजार झाल्या. जिल्हा तुटून दोन झाले, टँकरची अर्जी जुन्यातनं निगाली म्हंत्यात, नव्यात अजून पोचली न्हाई. ढोरं मरून राहिलीत."

"दुसरा मिस्त्री बगा, वैनी."

"दोन बगितले. येक जन म्हनला, बॅटरी न्हाई तर करंट कुटनं येतो? त्याला मॅग्नेटच ठाव नव्हता. दुसऱ्यानं गावात इचारपूस केली अन् म्हनला, ह्या मशीनीला हात लावून माजी बायको रस्त्यावर आनू का?"

"मग मालकानं माजं नाव काडलं व्हय?"

"मालक मानूस धाडनार होता. म्या म्हनले, मीच जाते. मी आल्यावर तुमाला न्हाई म्हनता येनार न्हाई."

खरंच म्हणता आलं नाही.

"अजून येक," ती म्हणाली. "तेरा वर्सं गाव म्हंतंय, मलप्पा शिंदी पिऊन हँडलला झोंबला म्हनून मेला. तुमी तितं हुबे होता. तुमी हां बी म्हनला न्हाईत, न्हाई बी म्हनला न्हाईत. मशीन खोला, बगा, अन् तवा काय चुकलं व्हतं ते मला सांगा. सांगितल्याबिगर मी तुमाला सोडनार न्हाई."

घरी सुमनबाईनं नवऱ्याला पिशवी भरताना बघितलं. पाने, बारीक कानस, सायकलची एक सरळ तार, चिंध्या. "जाऊ नका," ती म्हणाली. "तुमाला झोपेत ऐकू येतं, ते आता जागेपनी ऐकू यील."

"आता बी येतंच की," संगप्पा म्हणाला आणि निघाला.

*

दापकवाडीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरून चार किलोमीटर चालायचं. वाटेनं बाभळींची सालंसुद्धा शेळ्यांनी खाल्लेली. गुरम्मा पुढं, संगप्पा मागं.

ट्रॅक्टर होता तिथंच होता, विहिरीच्या काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. निजामाच्या राज्यात व्यंकटरावांच्या वडिलांनी आणलेलं विलायती धूड ते. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. बॅटरी नाही, चालू करायला बटण नाही. पुढून हँडल मारायचं आणि बाजूचा मॅग्नेट फिरता फिरता स्वतःच ठिणगी पाडायचा. ट्रॅक्टरवरून लांब पट्टा विहिरीतल्या कट्ट्यावरच्या पंपाला जायचा. आता त्याची चाकं वीतभर मातीत रुतली होती. बॉनेटला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली बांधलेली होती. बाहुलीचं तोंड उंदरानं कुरतडलेलं. हँडल खिळ्याला टांगून वर फडकं गुंडाळलं होतं. ते फडकंही तेरा वर्षांपूर्वीचंच असावं.

व्यंकटराव निंबाखाली बाजेवर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "मिस्त्री, आधी नारळ फोडा हं. आणि कॉइल तपासा. पॉइंट पण बघा. मला वाटतं कचराच असणार." उंटावरून शेळ्या हाकायची पाटलांच्या घराण्याची जुनी रीत होती. शेडच्या सावलीत मात्र ते आले नाहीत.

कुणीच येत नव्हतं. का येत नव्हतं ते संगप्पाला बारा वाजता कळलं. ऊन डोक्यावर आलं आणि शेडमधून आवाज झाला. टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्.

विहिरीवर दोर ओढणाऱ्या बायका थांबल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. "मलप्पा हँडल मारून राहिला," ती हळूच म्हणाली. "रोज मारतो. ऊन चडलं की मारतो."

हँडल सावकाश फिरवलं की मॅग्नेटच्या तोंडाशी एक स्प्रिंग ताणली जाते आणि ठरल्या जागी सुटते. तिचा आवाज असाच असतो, टक्, आणि त्याच क्षणी ठिणगी पडते. चाळीस मॅग्नेट त्यानं या आवाजावर जोखले होते. तो उठला, आत गेला, हँडलवरचं फडकं चाचपून बघितलं. ते हललं नव्हतं. वर पत्रा तापला होता, खिळ्याशी ताणला जाऊन वाजत होता. पत्राच तो. त्याला ते पक्कं कळलं, आणि कळूनही तो हात जोडून उभा राहिला.

"मलप्पा," तो म्हणाला, "मी आलोय. बगू दे मला येकदा."

पुन्हा टक् झालं.

*

दोन दिवस संगप्पा शेडमध्ये होता. गुरम्मा विहिरीवर. तिची खोली शेडच्या मागंच होती. मलप्पा गेल्यावर पाटलांनी तेवढी तिच्याकडं राहू दिली होती. सकाळी ती दोराला लागायची. साठ हात दोर ओढायचा, घागर वर येईपर्यंत निम्मी सांडलेली, पाणी चहाच्या रंगाचं. तळहाताला चिंध्या बांधून बायका ओढत. चिंध्या सुटल्या की खालची कातडी दिसायची. घरटी दोन घागरी, त्यावर एक तांब्याही नाही. गुरम्माच्या वाटणीतून तिची म्हैस, ती स्वतः आणि आता हा मिस्त्री.

दुपारी ती त्याच्यापुढं ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी ठेवायची, बाजूला अर्धा तांब्या पाणी, आणि लांब बसून तो काय करतो ते बघायची.

त्यानं मॅग्नेट उतरवला तेव्हा आतून माती निघाली. कुंभारमाशीनं घरं केली होती. एकीकडं पालीची वाळलेली अंडी. त्यानं सगळं काडीनं कोरून काढलं, चिंधीनं पुसलं. दमट हवा लागून कॉइल खराब होते असं म्हणतात. या मुलखातल्या कॉइलला दमट कशाला म्हणतात तेच ठाऊक नसेल. ज्यांची उघडझाप होऊन ठिणगी पडते ते पॉइंट पांढरे पडले होते. कानशीनं हलक्या हातानं घासून, मधे पोस्टकार्डाचा कागद सरकवून त्यानं फट जमवली. स्प्रिंग गंजून चिकटली होती. ती रॉकेलमध्ये रात्रभर बुडवली, सकाळी सुटी झाली. मग मॅग्नेट मांडीवर घेऊन, त्याच्या तारेचं टोक त्याच्याच अंगापासून एक जवभर लांब धरून, त्यानं तोंड हातानं फिरवलं.

टक्. निळी ठिणगी पडली.

संगप्पा हसला. नकळत हसला. तेरा वर्षं माती खाऊन पडलेलं यंत्र पहिल्या फिरवणीला बोललं, म्हणजे मिस्त्री हसणारच. मग त्याला गुरम्माची नजर दिसली आणि हसू ओठावरच वाळलं.

"बरं झालं हसलात," ती म्हणाली. "ते बी असंच हसायचे. ठिनगी पडली की ल्येकरावानी."

"वैनी, त्या दिवशी सकाळी मलप्पानं काय खाल्लं व्हतं?"

"भाकर अन् आंबाडी. शिंदी आदल्या सांजची व्हती, ती बी येक पेला. म्या वतली व्हती. पन मलाच नंतर वाटाय लागलं, चोरून अजून पिले आस्तील. सगळं गाव म्हंतंय ते खोटं कसं आसंल?" तिनं भाकरीचं टोपलं उगाच झाकलं, पुन्हा उघडलं. "लई शिव्या दिल्या मी त्येंना. रोज दिल्या. पानी वडताना देते. मेल्या, पिऊन मेलास अन् मला दोराला बांदून गेलास. आसं म्हंते."

त्या दिवशी मलप्पाच्या तोंडाला दारूचा वास आला नव्हता, हे संगप्पाला चांगलं आठवत होतं. ते त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मलप्पा पिऊन नव्हता म्हटलं की पुढचा प्रश्न मिस्त्रीवरच आला असता. लोकांनी शिंदीचं नाव घेतलं आणि संगप्पानं तोंड मिटून घेतलं. एवढा एक गुन्हा तर त्याचा होताच, मशीनीत काय चुकलं ते बघायच्या आधीच.

*

मॅग्नेट बसवण्याआधी इंजिन ठरल्या जागी आणावं लागतं. एक नंबरचा पिस्टन दाब घेऊन अगदी वर आला पाहिजे, आणि तेव्हाच स्प्रिंग सुटली पाहिजे. आधी सुटली तर ठिणगी वर येणाऱ्या पिस्टनला खाली ढकलते आणि हँडल उलटं फिरतं. त्यासाठी इंजिनासोबत फिरणाऱ्या पुढच्या पुलीवर खूण असते आणि तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर एक न फिरणारा काटा. खूण काट्यासमोर आणायची आणि मॅग्नेट बसवायचा.

पण इंजिन फिरवायला माणूस हवा होता. एक जण हँडल फिरवणार, एक जण प्लगच्या भोकाशी. व्यंकटरावांनी दोन गडी बोलावले. दोघांनाही एकाच वेळी कंबरेत चमक निघाली.

"म्या फिरवते," गुरम्मा म्हणाली.

"वैनी—"

"दोर वडते तर हे न्हाई का फिरनार?"

संगप्पानं चारी प्लग काढले. "आता काई हुनार न्हाई. दाबच राहनार न्हाई आत. तरी अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठिवा. मूठ आवळायची न्हाई."

तिनं हँडलवरचं फडकं सोडलं. तेलकट लोखंडावर जुने डाग होते. तिनं ते बघितले, पदरानं पुसायला गेली, आणि नाही पुसले. हँडल पुलीच्या तोंडात अडकवलं.

"त्येंनी आवळली व्हती का मूठ?"

"न्हाई. मलप्पाला ते शिकवायची गरज नव्हती."

संगप्पानं एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवला. तिनं ओढलं. खांद्याची हाडं लुगड्यातून वर आली, इंजिन आतून कण्हलं आणि फिरलं. अर्धा फेरा, एक फेरा. त्याच्या अंगठ्याखालून वारा फुसफुसला. "दाब आला. सावकाश आता." त्यानं अंगठा काढून सायकलची तार भोकात सोडली. तार पिस्टनवर टेकली आणि वर वर येऊ लागली. "अजून. अजून जरा. थांबा." तार थांबली.

संगप्पा वाकून पुलीकडं गेला. पुलीवर तांबड्या रंगाचा एक पट्टा ओढलेला होता, बोटभर जाड, वाळून कडक झालेला. तो त्याला आठवत होता. बहात्तर साली त्यानं हाच पट्टा काट्यासमोर आणून मॅग्नेट बसवला होता. तो आता काट्यासमोर नव्हता. काट्याला ओलांडून चार बोटं पुढं गेला होता.

"परत फिरवा," तो म्हणाला.

तिनं फिरवलं. पुन्हा चार बोटं. तिसऱ्यांदाही चार बोटं. काट्यासमोर नुसतं काळं चिकट ग्रीस होतं. संगप्पानं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून तिथं घासलं. ग्रीसचा थर गेला, खालून उघडं लोखंड निघालं आणि त्यावर छिन्नीनं मारलेली केसासारखी बारीक रेघ. खरी खूण ती होती.

मग तांबडा पट्टा कुणाचा?

"वैनी," त्यानं शक्य तेवढं सहज विचारलं, "हे तांबडं कुनी लावलं?"

गुरम्मा हँडलला टेकून दम खात होती. "ते व्हय? म्या." ती किंचित हसली, या दोन दिवसांत पहिल्यांदा. "तवाच्या दसऱ्याच्या आदल्या दिशी, खंडेनवमीला, मशीनीची पूजा व्हती. म्या राख अन् रॉकेल घिऊन सगळी पुली लखलखीत केली. अन् त्येंनी तितं तांबडा रंग लावलेला, त्यो निगाला की. म्हनले, आता वरडनार. मंग देवाचा शेंदूर तेलात कालवला अन् रंग कुटं व्हता ते आठवून आठवून तितंच लावला. त्येंना कळलं बी न्हाई. मीच हळदीकुकू केलं, त्येंनी नारळ फोडला. त्येंच्या हातची ती शेवटची पूजा." मग म्हणाली, "काहून इचारलं?"

"आसंच," संगप्पा म्हणाला. "बरं केलं. चांगलं टिकलंय."

तो शेडच्या मागं जाऊन बसला. त्याला आनंद झाला होता. लाज वाटावी असा आनंद. तेरा वर्षं ज्या हातानं माणूस मारला म्हणून त्यानं भाकरसुद्धा बेचव खाल्ली, तो हात चुकला नव्हता. खूणच चार बोटं सरकली होती. एका बाईनं नवऱ्याच्या ओरड्याला भिऊन देवाचा शेंदूर लावला, आणि त्या शेंदरानं नवरा नेला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती म्हणतात. इथं मारुतीही झाला नाही, मसणवटा झाला. पळत जावं, साऱ्या गावाला ओरडून सांगावं, मी नव्हतो, असं त्याला वाटलं.

आणि तेवढ्यात त्याचं लक्ष हातातल्या तारेवर गेलं.

त्या दिवशीही ती खिशात होती. बाजेवरून पाटील घाई करत होते, चार बघे जमले होते, आणि ऐन तिशीतला संगप्पा म्हणाला होता, "तार-बीर नवशिक्यांना. मी नुसत्या खुणेवर बसवतो." तार घालून बघायला दोन मिनिटं लागली असती. खूण कुणी का लावेना, शेंदरानं लावो की शेणानं, ती पडताळायचं काम मिस्त्रीचं. गुरम्माला पुलीतलं काय कळत होतं? त्याला कळत होतं. आनंद जसा आला तसा निघून गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते जुन्या भीतीपेक्षा जड होतं, कारण आता त्याला नक्की माहीत होतं.

वर पत्रा वाजला. टक्. संगप्पा दचकला नाही. उठला, आत गेला, तो तांबडा पट्टा रॉकेलच्या चिंधीनं घासून साफ पुसून टाकला, आणि छिन्नीच्या रेघेवर मॅग्नेट बसवला. बसवून, तार घालून, पुन्हा तीनदा पडताळला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव विहिरीवर लोटलं, पण शेडपासून पन्नास पावलं लांब. बायकांनी घागरी मांडल्या होत्या. व्यंकटरावांनी नारळ फोडला आणि पुन्हा बाजेवर जाऊन बसले. विहिरीत दोन गडी उतरून पंपात पाणी भरून आले. पंपाचा पट्टा चढवून तयार ठेवला होता.

"हँडल कोन मारनार?" कुणीतरी विचारलं.

"मी," संगप्पा म्हणाला.

त्यानं चारी भोकांत चमचा चमचा पेट्रोल टाकलं, प्लग आवळले, हँडल अडकवलं. पाय फाकवून वाकला. आणि अगदी कानाशी, तंबाखूच्या वासासकट, ऐकू आलं: मिस्त्री, लावू का? क्षणभर हँडल सोडून पळावं असं वाटलं, कुणी काही म्हणालं नसतं, भुताला भ्याला म्हणून सोडून दिलं असतं. विहिरीच्या काठावर गुरम्मा एकटी पुढं येऊन उभी होती. त्यानं दात आवळले आणि ओढलं.

टक्. काही नाही.

पुन्हा ओढलं. टक्. धुराड्यातून मातीचा एक लोळ उडाला. तिसऱ्यांदा ओढताना आतून फटका बसला, पण हातात नाही, आत, जिथं बसायला हवा तिथं. इंजिन खोकलं, थांबेल असं वाटलं, आणि धरलं. शेडचा पत्रा थरथरायला लागला. काळा धूर, मग निळा. संगप्पाच्या हातात सुटलेलं हँडल तसंच होतं आणि मनगट शाबूत होतं. त्यानं ते दुसऱ्या हातानं धरून बघितलं.

पट्टा ताणला गेला. पाइपातून आधी वारा, मग चिखल, मग चिखलाचं पाणी, आणि मग पाणी, मांडीएवढं जाड. बायका ओरडल्या. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, म्हशी दाव्यासकट धावल्या. हौद भरायला लागला आणि वरचं पाणी पाटानं वाट काढत गावाकडं निघालं. एका म्हातारीनं पहिला तांब्या भरून पळत आणला आणि संगप्पाच्या हातात दिला. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

गुरम्मा पाण्याकडं गेली नाही. ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"आता सांगा."

संगप्पाकडं तीन उत्तरं होती. मशीनीचं नशीब म्हणावं, तर शिंदीचा ठपका मलप्पावर तसाच राहत होता. खरी खूण सांगावी, तर ही बाई आजपासून स्वतःचे हात कसे बघणार? उरलेलं तिसरं तो बोलला.

"काय?" गुरम्मा ओरडली. "मशीनीत ऐकू यीना. मोट्यानं बोला."

तो मोठ्यानं बोलला. बाजेवरून व्यंकटरावही ओरडले, "काय म्हणतोय? ऐकू येत नाही!" तेव्हा संगप्पानं छाती भरून घेतली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, शिरा ताणून सांगितलं.

"मलप्पा पिऊन नव्हता! मॅग्नेट म्या चुकीचा बसवला व्हता! तपासला न्हाई, घाई केली! ठिनगी आदी पडली! मानूस माज्यामुळं मेला, अन् मी बोललो न्हाई!"

घागरींचा आवाज थांबला. इंजिन तेवढं चालू होतं.

गुरम्मानं गावाकडं तोंड केलं. "ऐकलं का?" ती म्हणाली. "समद्यांनी ऐकलं का? मालक, तुमी ऐकलं का?" व्यंकटराव स्वतःच्या पायांकडं बघत राहिले. ज्या माणसांनी तेरा वर्षं चावडीवर शिंदीच्या गोष्टी रंगवल्या, त्यातला एक घागर उचलून दुसरीकडं ठेवू लागला. मग गुरम्मा मटकन खाली बसली आणि जमिनीवर दोन्ही तळहात टेकून रडली. "यप्पा," ती म्हणत होती, "मेलेल्या मानसाला रोज शिव्या घातल्या मी. रोज."

बराच वेळ कुणी तिला उठवलं नाही. ती आपली आपण उठली. संगप्पा तांब्या धरून तसाच उभा होता. ती मारील असं त्याला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. तिनं मारलं नाही. त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हातारीच्या हातात परत दिला.

"मशीन चालू केलं, ते गावावर तुमचं उपकार हाईत," ती म्हणाली. "पन ह्या पान्याला तोंड लावू नका. मी जित्ती हाय तवर ह्या गावचं पानी पिऊ नका."

तेव्हा ते त्याच्या ओठावर आलं. शेंदूर. एक शब्द. तो बोलला असता तर तांब्या परत आला असता आणि या बाईनं तिथंच विहिरीत उडी घेतली असती. त्यानं ओठ मिटले. कोरड्या तोंडात गिळायलाही काही नव्हतं, तरी त्यानं गिळलं.

"रॉकेल दर दोन तासाला टाका," तो व्यंकटरावांच्या गड्याला म्हणाला. "बंद करायचं म्हंजे हे बटन दाबून धरायचं. चालू करताना आंगठा बोटांच्या बाजूला." त्यानं पाने चिंधीनं पुसून पिशवीत भरले. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. कुणी शिवी दिली नाही, कुणी पुन्हा ये म्हणालं नाही.

गावकुसाबाहेर त्याला पाटाचं पाणी आडवं आलं. तापल्या फुफाट्यातून ते पुढं सरकत होतं, कडेनं चिमण्या उतरल्या होत्या. संगप्पा थांबला. मागं वळून बघितलं. विहिरीच्या काठावर गुरम्मा उभी होती, त्याच्याकडंच बघत. त्यानं चपला काढून हातात घेतल्या, पाणी ओलांडलं आणि ओल्या पायांनी फाट्याकडं चालू लागला.